कारी मासोरी

सरांच्या अंगणातल्या हौदावर दर रविवारी सकाळी वाद होतो. तो ऐकायला मी पेपर न्यायच्या निमित्तानं हजर असतो. वाद घालणारे दोघे. एक सर, तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, अजूनही बोलताना हवेत आकृती काढणारे. दुसरे भाऊ, ढिवर समाजातले, सत्तरीला टेकलेले. रविवारी काकूंना झिंगे द्यायला येतात आणि चहा होईपर्यंत हौदाच्या काठावर बसतात. भाऊंची बोली झाडीची. तिच्यात ळ नाही, त्याचा र होतो. ण नाही, त्याचा न होतो. काळा म्हणजे कारा, मासोळी म्हणजे मासोरी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं ‘कारी’ येणार आहे.

हौदात सहा गोल्डफिश. दोन वर्षांपूर्वी सरांनी ते नागपूरहून प्राणवायू भरलेल्या पिशवीतून आणले. पाच अख्खे केशरी, एकाच्या शेपटीला काळा गोंडा. आज त्यांतले दोन पांढरेफटक आहेत, एकाच्या पाठीवर काजळ फासल्यासारखा डाग उमटलाय, आणि गोंडेवाल्याचा गोंडा गायब आहे. शिवाय होळीच्या सुमारास अंड्यांतून निघालेली चौदा पिल्लं. तीही सहा महिन्यांची होत आली, पण रंग तळाच्या चिखलाचा. सरांचा नातू गणपतीला पुण्याहून आला, हौदात डोकावला आणि म्हणाला, “आजोबा, तुमचे मासे बिघडलेत.”

त्या ‘बिघडलेत’वरून त्या रविवारी सुरुवात झाली.

“बिघडले काहीच नाहीत,” सर म्हणाले. “भाऊ, तुम्ही भंडाऱ्याचे. पितळेच्या भांड्यांचं गाव. तेव्हा भांड्यावरूनच सांगतो. चुलीवरचा पितळी गुंड घ्या. बाहेरून काजळी, खाली पितळ, आतून कल्हई. माशाच्या कातडीत अशाच तीन तऱ्हांच्या पेशी असतात. काजळीवाल्या, म्हणजे काळ्या. पितळवाल्या, म्हणजे पिवळ्या-तांबड्या. आणि कल्हईवाल्या. त्यांच्यात ग्वानीन नावाच्या द्रव्याचे बारीक स्फटिक असतात, ते आरशासारखे चमकतात. तिन्ही असले की मासा दिसतो मातकट. काजळी गेली की पितळ उघडं पडतं, तो आपला गोल्डफिश. पितळही गेलं की उरते कल्हई. हे दोन पांढरे, ते तसे.”

भाऊंनी बिडी विझवली. “हव जी. पन भांडं घासलं कोनी?”

“म्हणजे?”

“काजरी आपोआप जाते काहून? आमच्या तलावात रोहू आहे, मरर आहे, बोटभर मासोऱ्या आहेत. त्यायची काजरी नाही जात. तुमच्याच मासोरीची काहून जाते?”

मला वाटलं, सर आता अडकले. पण शिक्षकाला असा प्रश्न आला की तो उलट खुलतो.

“चिनी लोकांनी घासलं. हजार वर्षं. मुळात हा मासा तुमच्या माशांसारखाच मातकट, कार्पच्या गोतातला, खायचा. हजारांत एखादा पिवळा निघायचा. असा मासा बौद्ध लोक पुण्य म्हणून देवळाच्या तळ्यात सोडायचे, त्याला कोणी मारायचं नाही. सुंग राजवटीत, म्हणजे 960 ते 1279 च्या काळात, श्रीमंतांच्या घरी अशी तळी खास बांधली जायला लागली. पिवळ्याला पिवळी जोडायची, काळी पिल्लं निवडून बाजूला काढायची. पिढ्यान्‌पिढ्या. तिथून जपान, मग सतराव्या शतकात युरोप. काळ्या पेशी वेळ आली की मराव्यात, हा गुण रक्तात असा पक्का बसवला.”

“म्हंजे जन्मताना कारीच.”

“अगदी. सगळी पिल्लं काळपटच जन्मतात. दोन-तीन महिन्यांनी, पाणी उबदार असेल तर लवकर, काळ्या पेशी मरायला लागतात आणि शरीर त्यांचा निचरा करतं. बहुधा पोटाकडून सुरुवात होते आणि रंग वर चढत जातो. काही जण वर्ष घेतात. काही जन्मभर तसेच राहतात.”

“बस,” भाऊ म्हणाले. “मंग कारी ते खरी मासोरी. पिवरी ते चिन्यायची.”

इथं मी पहिल्यांदा तोंड घातलं. म्हटलं, भाऊ, तसं पाहिलं तर धानही माणसानंच बदललं. रानातला धान पिकला की झडून जातो, आपला लोंबीला धरून राहतो. त्याला खोटा धान म्हणायचं का? भाऊंनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू जाळ्यात बेडूक आला. “धान पोटात जाते जी,” एवढंच म्हणाले आणि पुन्हा सरांकडं वळले.

काकू चहा घेऊन आल्या. सरांना आता पांढऱ्या माशांचं दुःख सांगायचं होतं. त्यांच्या मते तो दोष त्यांचाच. माशाला पिवळा-तांबडा रंग स्वतः तयार करता येत नाही. त्याचा कच्चा माल खाण्यातून यावा लागतो. गाजरात, झेंडूत, शेवाळात, पाण्यातल्या बारीक किड्यांत जी रंगद्रव्यं असतात, ती माशाच्या पोटातून कातडीत जाऊन बसतात. गोल्डफिश तर त्यांतल्या काहींचं रूपांतर करून पिवळ्याचा तांबडाही करू शकतो. म्हणून शोभेच्या माशांच्या खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांची पूड घालतात. कोंबड्यांच्या खाद्यातही घालतात, बलकाला रंग यावा म्हणून. सर दोन वर्षं माशांना काय देत होते? कणकेच्या गोळ्या.

“आणि दर महिन्याला ब्रशनं भिंतीवरचं शेवाळ खरवडून काढतात,” काकू म्हणाल्या. “हौद कसा, ताटासारखा स्वच्छ हवा. वरून एप्रिलपासून हिरवी जाळी. ऊन म्हणून नाही मिळालं त्या जिवांना.”

सरांनी मान डोलावली. अंधारात ठेवलेला गोल्डफिश फिका पडतो, हे त्यांनी स्वतः फळ्यावर लिहून शिकवलेलं. पण मार्चपासून इथलं ऊन काय असतं ते भंडाऱ्याच्या माणसाला सांगायला नको. अडीच फूट पाणी दुपारी कोमट होतं, आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी. जाळी लावली नसती तर रंगाचा प्रश्नच उरला नसता.

“मंग आता झेंडू चारला तर पांढरी मासोरी पिवरी होइन?”

“नाही होणार, भाऊ. खरं तेच सांगतो. रंग धरणारी पेशीच संपली असेल तर तिथं कितीही झेंडू ओता. असे पांढरे होणं पुष्कळदा जन्मातच लिहिलेलं असतं. झेंडूनं काय होईल, तर जे केशरी आहेत ते जास्त केशरी दिसतील. उरलेल्या पितळेला चिंच लावल्यासारखं.”

सरांची ही गोष्ट मला आवडते. खाद्याच्या डब्यावर ‘रंग खुलवणारे’ असं छापलेलं असतं, आणि लोक पांढरा मासा घेऊन आशेनं दुकानात जातात. सरांनी तो डबा घेतला असता तर एक रविवार सुखात गेला असता.

भाऊ मात्र काजळाच्या डागावर अडले होते. केशरी मासा, आणि पाठीवर, कल्ल्याच्या मागं, शाई सांडल्यासारखं काळं. सरांच्या मनात बुरशीचं भय होतं. भाऊंनी मासा पाहिला नाही. ओंजळीत पाणी घेतलं, नाकाशी नेलं, फेकून दिलं.

“गनपतीत पाहुने होते ना जी घरात?”

“होते. नऊ जण.”

“सगरे मासोरीला खायला टाकत होते.”

खरंच टाकत होते. नातू, नातवाची बहीण, कोणाकोणाची मुलं. पोळीचे तुकडे, चिवडा, एकानं मोदक. उरलेलं तळाशी कुजलं. सरांनी आत जाऊन पाणी तपासायची बाटली आणली, चार थेंब टाकले, आणि नळीतलं पाणी हिरवं झालं. अमोनिया. भाऊंच्या नाकानं आधीच दिलेला निकाल. अमोनियानं माशाचं अंग अक्षरशः भाजतं, आणि ती जखम भरून येताना तिथं काळ्या पेशी जमतात. म्हणजे काळा डाग हा दुखण्याचा नव्हे, दुखणं उतरत असल्याचा. पण ते दुखणं आलं कुठून, याचा माग त्या डागानंच दिला. सरांनी त्याच दिवशी तिसरा हिस्सा पाणी काढून ताजं भरलं, तेही आदल्या रात्रीपासून पिंपात साठवलेलं, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशाला सोसत नाही.

“आमच्याकडं काऱ्या मिऱ्यासारखे ठिपके येते मासोरीवर,” भाऊ म्हणाले. “तेही असंच का?”

ते निराळं, सरांनी सांगितलं, आणि माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत अजब गोष्ट. एका कृमीचं बाळ गोगलगाईच्या अंगात वाढतं, तिथून बाहेर पडून माशाच्या कातडीत शिरतं, मासा त्याच्याभोवती काळा रंग साठवून त्याला कोंडतो. पुढं मासा बगळ्यानं खाल्ला की कृमी बगळ्याच्या आतड्यात मोठा होतो आणि त्याची अंडी विष्ठेतून परत पाण्यात. गोगलगाय, मासा, बगळा. तिघांतला एक काढला की ठिपके बंद. भाऊ हे ऐकून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बगऱ्याला सगरं मालूम असते.”

वाद खरा रंगला तो बादलीवर. भाऊ म्हणाले होते की मासोरीचा रंग पाण्यात असतो, कातडीत नाही. एकच मरळ, बोडीतल्या, म्हणजे लहान तळ्यातल्या, गढूळ पाण्यातली पिवळट आणि वनस्पतींनी भरलेल्या जुन्या तलावातली काळीकुट्ट. त्यांचा बाप मासा पाहून तलाव ओळखायचा. जिवंत मासे पांढऱ्या थर्माकोलच्या डब्यात ठेवले की थोड्या वेळात फिके पडतात आणि गिऱ्हाईक म्हणतं माल शिळा आहे. म्हणून भाऊ काळ्या घमेल्यात ठेवतात. सरांना हे पुस्तकातून ठाऊक होतं, भाऊंना घमेल्यातून. तरी दोघांनाही करून पाहायचं होतं. काकूंची पांढरी प्लास्टिकची बादली आली आणि गच्चीवरची जुनी लोखंडी कढई आली. दोन सारखी पिल्लं, सारखं पाणी. एक इकडं, एक तिकडं.

अर्ध्या तासानं बादलीतलं पिल्लू ओल्या वाळूच्या रंगाचं होतं आणि कढईतलं डांबरासारखं. नातू धावत आईला बोलवायला गेला.

“कातडी नाही, पानी,” भाऊ म्हणाले.

“पाणीही नाही, डोळा,” सर म्हणाले. “मासा डोळ्यानं तळ पाहतो, मेंदू कातडीला निरोप धाडतो. काळ्या पेशीतले रंगाचे कण मध्यभागी गोळा झाले की मासा फिका, पसरले की गडद. आंधळ्या माशाला हे जमत नाही, तो कुठंही ठेवा, गडदच राहतो. आणि महिनोन्‌महिने काळ्या तळावर राहिला तर पेशीच वाढतात, मग रंग मुरतो. मधमाशांच्या नाचाचा अर्थ लावणारा कार्ल फॉन फ्रिश, 1973 चं नोबेल मिळालेला, त्यानं आयुष्याची सुरुवात माशांच्या या रंगबदलावरच केली होती. माशांकडून माशांकडं गेला.”

श्लेष सरांनाच आवडला. भाऊ हसले नाहीत. “डोऱ्यानं पायते काय? पानीच ना?” ते म्हणाले, आणि या प्रश्नाचं उत्तर सरांनी दिलं नाही. मलाही सुचलं नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बादलीचा खेळ पिल्लांवर झाला, कारण त्यांच्यात काळ्या पेशी होत्या. केशरी मोठ्या माशावर तो जवळजवळ फसला असता. ज्याची काजळी गेली, त्याला लपायचं साधनच उरलं नाही. उघड्या तळ्यात गोल्डफिश सोडले तर काही पिढ्यांत मातकटच दिसायला लागतात, त्याचं कारण हेच: केशरी पिल्लू बगळ्याला, खंड्याला लांबून दिसतं; उशिरा रंग बदलणारं किंवा न बदलणारं वाचतं, आणि त्याचीच पोरं पुढं होतात. चिन्यांनी काळी बाजूला काढली, बगळा केशरी बाजूला काढतो.

नातवानं मग ती गोष्ट काढली जिच्यासाठी मी हे सगळं लिहितोय. म्हणाला, “ही काळी नकोत ना आपल्याला, मग बाप्पासोबत खांब तलावात सोडून देऊ.” सरांनाही ते बरं वाटलं असावं. चौदा पिल्लं हौदाला जड होणारच होती.

भाऊ उठून उभे राहिले. “नाही जी.”

“अहो, चौदा तर आहेत. एवढा मोठा तलाव.”

“चौदा आज. तुमची मासोरी तर उकरते. तोंड खुपसून चिखल उडवते, मुरं उपटते. पानी गढूर झालं का खालची वनस्पती मरन. वनस्पती मेली का आमच्या बारीक मासोऱ्या अंडी कोठी देइन?”

भाऊंच्या गावचा तलाव मामा तलाव आहे. मामा म्हणजे माजी मालगुजारी. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांवर तलाव, बहुतेक कोहळी समाजानं दोन-अडीचशे वर्षांपूर्वी बांधलेले, धानाला पाणी मिळावं म्हणून. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडं आले, आणि पुढं कित्येकांत गाळ आणि बेशरमाची झुडपं माजली. भाऊंनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचं काम पाहिलं आहे: ढिवरांच्या संस्थांना सोबत घेऊन बेशरम उपटायची, तळ नांगरायचा, देशी पाणवनस्पती लावायच्या, आणि मग देशी मासे परत येतात का ते मोजायचं. तळातल्या एका रोपासाठी कमरेएवढ्या चिखलात उभं राहणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक. त्यामुळं ‘चौदा तर आहेत’ हे वाक्य त्यांना झोंबलं.

सरही मागं हटणारे नव्हते. “मग सायप्रिनस कोण सोडतं तुमच्या तलावात? माझ्या गोल्डफिशचा सख्खा चुलतभाऊ. तोही तळ उकरतो. गवत्या, म्हणजे ग्रासकार्प, तो तर वनस्पतीच खातो. त्याचं बीज विकत आणून तुमचीच संस्था सोडते. माझ्या चौदा पिल्लांवर एवढा राग का?”

भाऊ पुन्हा बसले. चहा थंड झाला होता, तो त्यांनी तसाच पिऊन टाकला.

“हव जी,” ते म्हणाले. “सोडलं. लीज भरायचं असते. गवत्या लवकर वजन धरते. पहिल्या साली पैसा दिसला, तिसऱ्या साली तलावात काडी नाही उरली. आता नाही सोडत आमी. म्हनूनच सांगतो ना.”

यावर सर काही बोलले नाहीत. बोलायला काही नव्हतंही. त्यांनी नातवाला एवढंच सांगितलं की पिल्लं इथंच राहतील, आणि जड झाली तर ज्यांच्या घरी बंद टाकी आहे अशांनाच द्यायची. नातू रुसला. काळे मासे कोण घेतं, हा त्याचा सवाल व्यवहाराचा होता.

पुढच्या रविवारी भाऊ येताना ओल्या पोत्यात तलावातली वनस्पती घेऊन आले. शेवाळ घासू नका, हे खायला ठेवा, झेंडूपेक्षा बरं. सरांनी ती थेट हौदात टाकू दिली नाही. पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी पाण्यात बुडवून, एकेक देठ उलटा करून, गोगलगाईची अंडी शोधत बसले. भाऊंना हा आपल्या तलावाचा अपमान वाटला असावा, पण ते बसून राहिले आणि शेवटी दोन अंड्यांचे पुंजके त्यांनीच शोधून दिले. हिरवी जाळी निम्मी गुंडाळली. उघड्या पडलेल्या निम्म्या हौदावर भाऊंनी स्वतःचं फाटकं जाळं ताणून बांधलं, बगळ्यासाठी.

मग नातू ओरडला. तो हौदाच्या काठावर पालथा पडला होता. कढईत ठेवलेल्या त्या पिल्लाचं पोट, गळ्यापासून पंखापर्यंत, हळदीच्या बोटाएवढं पिवळं झालं होतं.

सर गुडघे टेकून वाकले. भाऊ शेजारी वाकले.

“रंग यायला लागला,” सर म्हणाले.

“जायला लागला,” भाऊ म्हणाले.

“पण ते तेच आहे ना?” नातवानं विचारलं, आणि पिल्लू जाळ्याखालच्या सावलीत निघून गेलं.